चौथा वायसर

लिहिण्याचा कोणताही अधिकार नसताना लिहायला बसलो आहे, तेव्हा आरंभीच क्षमा मागतो. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. फळ्यावर जे लिहिले ते पुढच्या तासाला पुसले जाणारच, या निश्चिंतीने लिहिले. न पुसता राहील असे अक्षर लिहिण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर आपल्यावर येईल, असे कधी वाटले नव्हते. परंतु माझ्या उजव्या करंगळीवर एक स्पर्श राहून गेला आहे आणि तो काही केल्या पुसला जात नाही. पोलादाच्या लहानशा कड्याचा स्पर्श! थंड, किंचित तेलकट. कडे एका जागी कापलेले, आणि कापलेली टोके एक वर, एक खाली अशी मुरडलेली. बोटांच्या चिमटीत धरून दाबले तर ते दबत नाही; उलट तेच आपल्या बोटांना रेटते. माझ्यासारख्या माणसाला हेवा वाटावा असा त्याचा स्वभाव.

गॅरेजात त्याला वायसर म्हणतात, स्प्रिंग वायसर. त्याची जागा नटाखाली. गाडी हादरत राहिली की नट हळूहळू उलटा फिरू लागतो. तसे होऊ नये म्हणून हे मुरडलेले कडे त्याला खालून अखंड रेटत असते. गेल्या कार्तिकापर्यंत यातले काहीही मला ठाऊक नव्हते. किती गोष्टी आपल्याला धरून ठेवीत असतात आणि आपल्याला त्यांचे नावही माहीत नसते!

निवृत्तीनंतर मी गाडी चालवायला शिकलो आणि एक जुनी जीप घेतली. कोल्हारच्या या सपाट, उसाच्या मुलखात जीप कशाला, असे शेजारी विचारीत. त्यांना काय सांगावे? राजूरच्या वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे, आणि माझा थोरला भाऊ, दादा, तेथे भाताची खाचरे कसतो. वाडीची शेवटची वाट दगडधोंड्यांची, दोनदा ओढ्यातून जाणारी. तेथे साधी मोटार जात नाही. जीप घेतली ती त्या वाटेसाठी, म्हणजे खरे तर दादासाठी.

आश्विनात, भात पिवळे पडू लागले असता, दादा बांधावरून घसरला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. संगमनेरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली. कार्तिक लागता लागता डॉक्टरांनी घरी नेण्यास संमती दिली, मात्र एका अटीवर: पाय सरळ राहिला पाहिजे, न्यायचे ते आडवेच. रुग्णवाहिका राजूरपर्यंत येणार होती. पुढच्या वाटेला चालक राजी नव्हता. मध्येच एका गाडीतून उचलून दुसरीत ठेवायचे, तर ताज्या जोडलेल्या हाडाचे काय व्हायचे? दादाला तर एकच ध्यास लागला होता. वाडीवर भाताची झोडणी सुरू झाली होती. "वसंता," तो म्हणाला, "ह्या छताला किती चिरा हायेत ते पाठ झालं मला. आता घरी ने. झोडणीचा आवाज कानावर पडला की पाय आपोआप चालायला लागंल."

जीपमध्ये त्याला आडवे निजवायला जागा होती. पण त्या जागेवर स्टेपनी बसली होती. मागच्या बाकांच्या मधोमध ते जाडजूड जादा चाक आसनमांडी घालून बसलेले. स्टेपनी ही मोठी विलक्षण वस्तू आहे! सारा प्रवास करून रस्त्याला न शिवणारे चाक. चार चाके झिजत असतात, चिखलात बुडतात, खड्ड्यांत आदळतात, आणि हे पाचवे आपल्या वेळेची वाट पाहत स्वस्थ असते. घरी ठेवून जावे म्हटले, तर त्या दगडांच्या वाटेवर चाक फुटले आणि दादा मागे निजलेला असला तर काय करायचे? ती हवीच होती, पण आत नको होती. उपाय एकच, मागच्या दारावर बाहेरून कॅरिअर बसवायचे आणि चाक त्यावर टांगायचे.

हे काम जगन्नाथ मिस्त्रींकडे दिले. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून त्यांनी कोल्हारच्या रस्त्याला स्वतःचे गॅरेज टाकलेले. कारखान्यात लागलेली एक सवय त्यांनी सोडली नव्हती. नट शेवटचा घट्ट केला की त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत ते पिवळ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढीत. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि लबाडी उघडी पडते. ती रेघ ओढताना त्यांच्या मुद्रेवर चित्रकार सही करतो तसा भाव असे.

त्यांनी दारावर हात फिरवला, बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. "सर, पत्रा हाय हा नुसता. ह्याच्यावर आख्खं चाक लटकवायचं म्हंजे पापडावर वरवंटा ठेवायचा. आतनं जाड पट्टी घालू, भार वाटला जाईल." मग दिवसभर काम चालले. दाराला चार छिद्रे पडली, आतून पोलादी पट्टी बसली, बाहेरून कॅरिअरचे ब्रॅकेट आले, बिजागऱ्यांना टेकू मिळाला, आणि दार लागल्यावर थरथरू नये म्हणून रबराचे गुटके लागले. बोल्ट बाहेरून आत येणार, त्यांचे नट आतल्या पट्टीवर बसणार. मला त्यांनी चार वायसर दिले. "हे धरा. मी हात मागं केला की द्यायचे. चार हायेत. गणिताच्या मास्तरला मोजायला शिकवायची गरज न्हाई." आणि आपल्याच विनोदावर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पर ध्यानात ठिवा, एक ढिला झाला ना, की बाकीचे तीन त्याच्या मागं जात्यात."

मी उभा राहिलो. प्रतीक्षेत रिकाम्या हातांना चाळे सुचतात. त्यातला एक वायसर मी नकळत करंगळीत घातला, अंगठीसारखा. इतक्यात उसाच्या ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर दारात येऊन थांबला. त्याची ट्रॉली जोडायची कडी तडकली होती आणि त्याचा मालक घाईने ओरडत होता. "मिस्त्री, कारखान्यावर माझी वजनाची पाळी जाईल!" "अरं पाळी जाईल तर जाऊ दे, कडी तुटून ऊस रस्त्यावर सांडला तर काय वेचत बसशील व्हय?" मिस्त्री त्याच्याशी भांडत होते आणि भांडता भांडता त्यांनी न पाहता हात मागे केला. मी मुठीतले वायसर त्या हातावर ठेवले. तीन. त्यांनी पाहिले नाही. माझ्या मोजण्यावर विश्वास ठेवून त्यांची बोटे आपले काम करीत राहिली. पान्याचे शेवटचे चार करकर आवाज झाले, चार पिवळ्या रेघा ओढल्या गेल्या, चाक दारावर चढले. मिस्त्रींनी त्यावर थाप मारली. "आता हत्ती बसला तरी हलायचं न्हाई!"

तेव्हा मी माझ्या करंगळीकडे पाहिले.

वाचकहो, दोन मिनिटांचे काम होते. दार उघडायचे, एक नट काढायचा, कडे घालायचे, नट लावायचा. चाक उतरवण्याचीसुद्धा आवश्यकता नव्हती. तोंडाने फक्त एवढेच म्हणायचे होते: "मिस्त्री, एक राहिला." पण ते रेघा ओढून झालेले प्रसन्न मुख, तो खोळंबलेला ट्रॅक्टरवाला, ते जमलेले चार लोक, आणि गणिताचा मास्तर ज्याला चार मोजता आले नाहीत! आयुष्यभर मी असाच गप्प राहिलो आहे. बसचा वाहक उरलेले पैसे द्यायला विसरला, मी गप्प. सभेत कुणी चुकीचा आकडा सांगितला, मी गप्प. मनात म्हटले, तीन आहेत की. चौथ्याचे एवढे काय? ज्याने मुलांना आयुष्यभर एका चिन्हाच्या चुकीसाठी शून्य गुण दिले, त्याने हे म्हणावे! मी करंगळीतून ते कडे काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच संगमनेरकडे निघालो. लोणी मागे पडेपर्यंत जीप शांत होती. पुढे एका गतिरोधकावर मागून आवाज आला: टक्. नखाने पत्र्यावर टिचकी मारावी तेवढाच. मग पुन्हा. संगमनेरच्या अलीकडे रस्त्याला ओळीने गॅरेजे आहेत. पहिल्यापुढे मी वेग कमी केला. तेथे तिघे जण चहा पीत होते, पुढे गेलो. दुसऱ्यापुढे कुणीच नव्हते. तिसऱ्यातल्या माणसाने माझ्याकडे पाहिले, आणि त्याने पाहिले म्हणूनच मी पुढे गेलो.

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी दादाला गादीवर निजवून आत सरकवले. पुढचे डावे आसन मिस्त्रींनी आधीच काढून ठेवले होते. पाय त्या जागेत सरळ गेले, आणि डोके आले नेमके मागच्या दाराशी, त्या पोलादी पट्टीच्या तळाशी. तिच्यावरचे चार नट त्याच्या कपाळापासून वितीच्या अंतरावर. दादाने वर पाहिले, पट्टीवरून बोट फिरवले. "हे नवीन केलंस व्हय? लई बेस. ह्या पिवळ्या रेघा कशाच्या?" मी म्हणालो, "नट हलला तर कळावं म्हणून." तो "असं" म्हणाला आणि मला वाटले, आता सांगावे. परंतु त्याच्या मुद्रेवर माझ्याविषयीचा अभिमान इतका उघड होता की मी पुढे जाऊन माझ्या बाजूचे दार लावून घेतले.

अकोल्यापर्यंतचा तो रस्ता मी डोळ्यांनी पुढे आणि कानांनी मागे असा चालवला. टक्… टक्. खड्डा चुकवला तरी टक्. मग मनाने गणित मांडायला घेतले. चार बोल्टांवर चाकाचा भार, त्यातला एक निकामी झाला तर उरलेल्या तिघांवर किती, आणि पातळ पत्रा किती सहन करील? उत्तर येत नव्हते, कारण या उदाहरणात एक माणूस निजला होता. दार उघडून पडले तर? ब्रॅकेट पत्र्यासकट आत आले तर? गाडी थांबवून पाहावे, तर नट दादाच्या उशाशी. ते पाहायचे म्हणजे त्याला सांगायचे. दोनदा थांबलो, बाहेरून चाकावर हात ठेवून आलो. "काय झालं?" दादाने विचारले. "काही नाही, हवा बघितली." केवढे हे खोटे! स्टेपनीची हवा कोण मोजत बसतो?

का कोण जाणे, अशा वेळी फार जुने काही आठवते. मी अकरा वर्षांचा असताना दादा मला अकोल्याच्या शाळेत घालायला घेऊन गेला होता. मुख्याध्यापकांनी माझे नाव विचारले आणि माझ्या तोंडून ते निघेना. त्यांनी कपाळाला आठी घातली. तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला दादा पुढे झाला आणि म्हणाला, "सायेब, ह्यो बोलत न्हाई. पर ह्याला समजतं लई. तुमी बसवून तर बघा." त्या एका वाक्यावर माझे सारे आयुष्य उभे राहिले. मी शिकलो, शिकवले, माझ्या नावापुढे लोकांनी 'सर' लावले. आणि दादा वाडीवर राहिला; लोकांना वाटे, मागे राहिला. पण जे मागे असते ते सोबत नसते, असे कुणी म्हणावे?

विठा घाट सुरू झाला आणि आवाज वाढला. वळणावर टक् टक्, चढावर टक् टक्. एका अवघड वळणावर चाक खड्ड्यात आदळले, मागे मोठा खणका झाला, आणि मग आवाज अकस्मात थांबला. मघापर्यंत मी त्या आवाजाला भीत होतो. आता त्याच्या अभावाला भ्यालो. नट पडला असला पाहिजे. आता दार… मी गाडी दरीच्या विरुद्ध बाजूला घेऊन थांबवली, पळत मागे गेलो, पण दार उघडण्याचा धीर होईना. काचेतून आत पाहिले.

दादा डोळे मिटून निजला होता. त्याचा उजवा हात डोक्यावरून मागे वळलेला होता, आणि त्याच्या अंगठ्याने व दोन बोटांनी त्या चौथ्या नटाला घट्ट धरले होते.

"दादा!"

त्याने डोळे उघडले. "थांबलास व्हय? बरं झालं. बोटं भरून आली माझी. ह्यो एक लई वांड हाय बघ. सारखा ढिला हुतो. ढिला झाला की मी पिरगाळतो."

"कधीपासून?"

"संगमनेर सोडल्यापासनं."

"मग बोलला का नाहीस?"

तो ओशाळला. खरोखर ओशाळला, सत्तरीच्या घरातला माझा भाऊ! "तू एवढ्या हौसेनं करून घेतलंस. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा. गावलाय माझ्या हाताशी, धरून बसू."

त्याच्या बोटांची टोके लाल झाली होती, नखांखाली पिवळा रंग गेला होता. मी खिशात हात घातला. ते कडे काढून त्याच्यापुढे धरले आणि पहिल्यांदा सगळे सांगितले: करंगळी, ट्रॅक्टर, तीन, हत्ती. दादा ऐकत राहिला आणि मग असा हसला की दुखऱ्या मांडीला हाताने धरावे लागले. "अरं येड्या! म्हंजे औषध तुझ्या खिशात, आन पथ्य मी पाळतोय! आपल्या घरात कुणालाच तोंड दिलं न्हाई देवानं." मग म्हणाला, "आता पाना लागंल. कुणाला तरी थांबव."

माझ्याजवळ चाकाच्या नटांचाच पाना होता. तो येथे लागत नव्हता. मी रस्त्याच्या मध्यावर उभा राहिलो. राजूरकडून एक माणसांनी भरलेली जीप येत होती. परक्या माणसाला हात करून थांबवणे मला कधी जमले नव्हते. त्या दिवशी मी दोन्ही हात वर केले, आणि माझ्या घशातून निघालेल्या आरोळीने मलाच दचकवले. जीप थांबली. चालक खाली उतरला, नट पाहिला, कडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "सर, वायसर खिशात जपून ठेवायचा असतो व्हय? मंग टायर कपाटात ठेवा!" जीपमधली माणसे हसली. मीही हसलो. त्याने नट काढला, वायसर घातला, अंगातला सगळा जोर लावून पाना ओढला आणि काही न घेता निघून गेला. उरलेल्या वाटेत दगडांनी, ओढ्याने जे करायचे ते केले. मागून चकार शब्द आला नाही.

वाडीच्या वळणावरच झोडणीचा आवाज कानी पडला, फळीवर आपटणाऱ्या पेंढ्यांचा धप, धप. दादाने डोळे मिटून तो ऐकला. वहिनी अंगणातून पुढे आल्या, दार उघडून आधी त्याच्या पायाकडे, मग त्याच्या बोटांकडे पाहून म्हणाल्या, "पाय मोडला हुता ना? मंग हाताला काय केलं?" आम्ही दोघेही गप्प बसलो. सवय!

येथे हे संपायला हवे होते. पण कोल्हारला परतल्यावर मिस्त्रींनी मला हाक मारली. "काय सर, हलला का हत्ती?" आणि दार उघडून ते आपल्या रेघा पाहू लागले. पहिली सरळ, दुसरी सरळ, तिसरीही. चौथी तुटलेली. त्यांनी वाकून नटाखाली पाहिले. वायसर जागच्या जागी होता. "फिरला हुता?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "घाटात जरासा. घट्ट करून घेतला." त्यांनी मान हलवली. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, उलटून, पालथा करून, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "वायसर तर घातलाय," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग मीच कमी आवळला म्हणायचा."

तेव्हाही मी बोललो नाही. घाटात परक्या माणसासाठी फुटलेला कंठ ओळखीच्या माणसापुढे पुन्हा मिटला!

त्याला आता महिना होत आला. दादा काठीने अंगणात फिरतो. मिस्त्री प्रत्येक नट दोनदा आवळतात, रेघ ओढण्याआधी थांबतात, पुन्हा पाना लावून पाहतात. परवा एका गिऱ्हाईकाला म्हणाले, "वय झालं. एकदा दुसरीकडं बी दाखवून घ्या." हत्तीचे नाव मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाही. रोज सकाळी फिरायला जाताना मी त्या गॅरेजावरून जातो. ते हात वर करतात, मी हात वर करतो, आणि माझ्या करंगळीभोवती ते थंड कडे पुन्हा आवळले जाते. तुमच्यापुढे एवढे सगळे लिहिले. त्यांच्यापुढे एक वाक्य बोलायचे आहे. उद्या सकाळी तेथे थांबून मी ते बोललो, तर फार उशीर झाला असेल का?